मूळपुरुषाची चाल

"…म्हणजे तो नव्हताच. असंच ना, आचार्य?"

आचार्य मेलांथस खिडकीपाशी बसून अंजीर खात होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण?"

"कोण काय! आमचा मूळपुरुष."

"हां, तो."

आचार्यांनी अंजिराचं देठ खिडकीबाहेर टाकलं. खाली रस्त्यावरून कुणीतरी शिवी हासडली. रोममध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचं खालच्या जगाशी एवढंच नातं असायचं.

विचारणाऱ्याचं नाव काएसो. रोमच्या सावेनियस घराण्याचा एकुलता एक मुलगा. वय विशीच्या थोडं पुढे, डोकं तल्लख, आणि नाकावर माशी बसू न देणारा. आज मात्र त्याची दाढी वाढलेली होती आणि अंगावर काळपट वस्त्र होतं. त्याचे वडील परवा वारले होते. घराच्या दाराला सरूची फांदी बांधली होती, दिवाणखान्यात दाराकडे पाय करून वडिलांचा देह ठेवला होता. उद्या सकाळी अंत्ययात्रा निघायची होती.

अशा वेळी माणूस घर सोडून बाहेर पडत नाही. काएसो पडला होता.

आचार्य रोमचे नव्हते. आशियाच्या किनाऱ्यावर एक लहानसं ग्रीक गाव आहे, तिथले. तरुणपणी ते जहाजातून इथे उतरले आणि रोमनांचा अगदी पहिल्यापासूनचा इतिहास ग्रीक भाषेत लिहायला बसले. त्यासाठी लॅटिन शिकले. देवळांतले ताम्रपट वाचले, पुरोहितांच्या सालवार नोंदी डोळ्यांत तेल घालून पाहिल्या, म्हाताऱ्या सरदारांच्या ओसरीवर तासन्‌तास बसून राहिले. गावाकडून निरोप यायचे, ज्यांनी आपल्याला जिंकलं त्यांचाच इतिहास लिहितोस? लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस? आचार्य हसायचे आणि भाकऱ्या भाजत राहायचे.

काएसो त्यांच्याकडे शिकायला आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. जुन्या कथेतली खोट हुडकण्यात आता त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपल्याकडे म्हणतात. पण ते त्याला सांगणार कोण?

"नोंदींत तो सापडला नाही," आचार्य म्हणाले. "तेवढंच मी म्हणालो."

"सापडला नाही म्हणजे नव्हता."

"माझ्या गावचे लोकही रोमच्या नोंदींत सापडत नाहीत. ते होते."

"शब्दांचे खेळ नकोत, आचार्य. आज नकोत."

आचार्यांनी अंजिरांचं ताट बाजूला सारलं.

"बरं. बैस."

काएसो बसला नाही.

"उद्याचं तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "कपाटं उघडतील. मुखवटे बाहेर निघतील."

रोमनांची ही रीत आचार्यांना चांगली ठाऊक होती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला होता. मोठ्या घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे दिवाणखान्यातल्या कपाटांत जपून ठेवतात. घरचा कर्ता माणूस गेला की नट बोलावतात. एकेक नट एकेका पूर्वजाचा मुखवटा चढवतो, त्याच्या मानाची वस्त्रं नेसतो, आणि तो पूर्वज जसा चालायचा तसा चालत अंत्ययात्रेत निघतो. चौकात पोचल्यावर हे सगळे मेलेले लोक हस्तिदंती खुर्च्यांवर ओळीने बसतात. मग मुलगा चौथऱ्यावर उभा राहतो. आधी वडिलांबद्दल बोलतो, मग एकेका पूर्वजाचं नाव घेऊन त्याची थोरवी सांगतो. सुरुवात मूळपुरुषापासून.

"सगळं रोम ऐकायला येईल," काएसो म्हणाला. "मी त्याचं नाव घेतलं तर मी खोटा. जाणूनबुजून खोटा. नाही घेतलं, तर वडील खोटे. आयुष्यभर त्यांनी त्या माणसाचा अभिमान मिरवला, आणि मी त्यांच्या प्रेताशेजारी उभा राहून त्याला गाळायचं? सांगा, काय करू?"

"तू काय ठरवलंस?"

"गाळायचं."

"मग मला कशाला विचारतोस?"

काएसोने दाराच्या चौकटीला पाठ टेकली.

…

"तुम्हीच शिकवलंत," तो म्हणाला. "कथा ऐकली की तिच्यात न बसणारी गोष्ट शोधायची. मी शोधली. एक नाही, कितीतरी. आमचा मूळपुरुष म्हणे शेजारच्या वेई शहराच्या लोकांशी लढला. पायी नदी ओलांडायचा उतार त्याने एकट्याने संध्याकाळपर्यंत अडवून धरला. मांडीत भाला घुसला तरी हटला नाही. मुखवट्याखालच्या पाटीवर एवढंच लिहिलंय, आणि तेवढं ठीकच आहे. पण वडील जे सांगायचे ते ऐका. म्हणे शत्रूचा जो माणूस त्याच्या हातून मेला, त्याच्या झोळीत चेरीची फळं होती!"

"चेरी."

"चेरी, आचार्य! चारशे वर्षांपूर्वी! इटलीत चेरीचं झाड येऊन अजून शंभर वर्षंही झाली नाहीत, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"सांगेल."

"पुढे ऐका. मरता मरता तो माणूस बोलला. आणि मूळपुरुषाला त्याचं बोलणं कळलं. वेईच्या लोकांची बोली वेगळी, रोमच्या माणसाला तिच्यातलं अक्षर कळायचं नाही. मग हा काय दुभाषा घेऊन लढत होता? आणि बोलला तरी काय, तर म्हणे 'धाकट्या' अशी हाक मारली. शत्रूने! वेईचा माणूस रोमनाला 'धाकट्या' म्हणेल?"

काएसोच्या आवाजात आता चांगलाच जोर आला होता. खोट सापडल्याचा आनंद असा असतो की दाराला सरूची फांदी बांधलेली असली तरी तो आवरत नाही.

"छान शोधलंस," आचार्य म्हणाले. "वडिलांना कधी विचारलंस हे?"

काएसोचा जोर एकदम ओसरला.

"विचारलं."

"कधी?"

"या उन्हाळ्याच्या सुरुवातीला. घरी पाहुणे जेवायला होते. फळांच्या ताटात चेरी आल्या. त्या पाहून मला सुचलं… आणि मी सगळ्यांच्या देखत काढलं. चेरीचं, भाषेचं, सगळं. पाहुणे पोट धरधरून हसले. मी बोलतो चांगलं."

"आणि वडील?"

"त्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, 'चूक झाली असेल माझी. फार जुनी गोष्ट आहे.'"

"मग?"

"मग काही नाही. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही."

खालून गाढवाच्या घुंगरांचा आवाज आला आणि दूर गेला.

"आता तू सांग," आचार्य म्हणाले.

"काय?"

"तीच गोष्ट. वडील सांगायचे तशी. चुकांसकट."

"चुका सांगितल्या ना!"

"चुका सांगितल्यास. गोष्ट नाही सांगितलीस."

काएसो आता बसला. आचार्यांसमोर नाही, दाराजवळच्या बाकावर.

"दर वर्षी न्यायचे मला तिकडे," तो म्हणाला. "उन्हाळा लागला की. मी आणि ते, बस. नोकर नाही, कुणी नाही. एक खेचर, त्यावर भाकरी, बकरीच्या दुधाचं चीज आणि कांदे. घरात आमच्याकडे आचारी आहेत, पण त्या दिवशी कांदाच. मूळपुरुष कांदा खायचा म्हणून."

"रोमन लोक," आचार्य हसले. "महालात राहतात आणि झोपडीच्या गोष्टी सांगतात. तिकडे टेकडीवर तुमच्या पहिल्या राजाची गवताची झोपडी राखून ठेवलीय. वाऱ्याने छप्पर उडालं की पुन्हा गवतच घालतात. वीट लावायची नाही, रंग द्यायचा नाही. मला फार आवडतं ते. बरं, पुढे?"

"उताराशी पोचलो की ते वहाणा काढायचे आणि मला खांद्यावर घ्यायचे. मी त्यांचे कान धरायचो. पाणी गार असायचं. मध्यावर गेले की थांबायचे. 'इथे तो उभा होता,' असं म्हणायचे. मग मला खडकावर बसवायचे आणि सगळं करून दाखवायचे. पाण्यात धावायचे, ओरडायचे, भाला लागला की पडायचे. वर्षभर ज्यांच्यासमोर मी मान वर करून बोललो नाही, ते माझे वडील, आचार्य, पाण्यात पडायचे! सगळे कपडे ओले. मी हसून हसून लोळायचो."

काएसोचा चेहरा बदलला होता. दाढी वाढलेली असूनही तो एकदम लहान दिसू लागला.

"ते हसायचे का?"

"ते? … नाही. आठवत नाही. ते खेळात रंगलेले असायचे. मी लहान होतो."

"नंतर?"

"नंतर मी मोठा झालो. पुरुषाचं वस्त्र नेसायला लागल्यावर कसलं खेचर आणि कसलं खांद्यावर बसणं! दोन वर्षं त्यांनी विचारलं, येतोस का? मी म्हणालो, अभ्यास आहे. मग ते एकटेच जात होते."

काएसोने बाकाच्या लाकडावरून उगाच बोट फिरवलं.

"आता वाटतं, जायला हवं होतं," तो म्हणाला. "गोष्ट खोटी असती तरी काय बिघडणार होतं? कांदा खाऊन परत आलो असतो."

आचार्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घरावर कुणीतरी वाळत घातलेली चादर वाऱ्याने फडफडत होती.

"माझे वडील समुद्रातून स्पंज काढायचे," ते म्हणाले. "दगड धरून बुडी मारायची आणि तळाशी जायचं. मी नावेत बसून पाहायचो. आता त्यांचा चेहरा मला आठवत नाही, काएसो. किती प्रयत्न केला. तळपाय आठवतात. बुडी मारताना पाण्यावर तेवढेच दिसायचे."

"तुमच्याकडे मुखवटे नसतात?"

"नसतात. आम्ही विसरतो."

"तरी तुम्ही आमचा इतिहास लिहिलात. आपल्या गावचा नाही."

"माझ्या गावच्या म्हाताऱ्यांना विचारायचं राहून गेलं. विचारावंसं वाटलं तेव्हा ते मेले होते. इथले म्हातारे जिवंत होते, आणि मला विचारायची खोड लागली होती."

काएसोला हे नवीन होतं. इतकी वर्षं शिकून त्याने आचार्यांना हे कधी विचारलं नव्हतं.

"तुझे वडील इथे यायचे," आचार्य म्हणाले.

"इथे? तुमच्याकडे?"

"वर्षातून एकदा. एवढे जिने चढून. दारात उभे राहायचे आणि विचारायचे, 'सापडला का?' मी म्हणायचो, नाही. ते म्हणायचे, 'बरं.' आणि जायचे."

"मला कधी बोलले नाहीत."

"एकदा मात्र आत आले. तू बसलायस ना, तिथेच बसले. म्हणाले, 'आचार्य, समजा तो सापडला, तर जिंकला असं लिहू नका. पाण्यात बसून रडत होता, असं लिहा.'"

काएसो ताठ झाला.

"रडत होता? आमचा मूळपुरुष?"

"मीही तेच विचारलं."

"मग?"

"मग ते उठले आणि जिना उतरून गेले. सावकाश."

"हे तर आणखीच विचित्र. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं की गोष्टीत…" काएसो अडखळला. "शत्रूला मारून कुणी रडतं का? ही त्या गोष्टीतली सगळ्यात मोठी खोट झाली."

"हो. सगळ्यात मोठी."

…

काएसो उठला. त्याला आता परत जायला हवं होतं. पण निघताना माणसाच्या तोंडी नेमकं तेच येतं, जे त्याला सांगायचं नसतं.

"सकाळी नट आला होता," तो म्हणाला. "मूळपुरुषाचा मुखवटा चढवणार आहे तो. शहाणा माणूस. मला म्हणाला, 'मालक, यांची चाल कशी होती?' मी म्हटलं, जो नव्हताच त्याची चाल मी कुठून आणू? तुला हवा तसा चाल."

"पण तुला ठाऊक आहे ना?"

"काय?"

"चाल."

"म्हणजे… वडील दाखवायचे. उतारावर. भाला लागल्यानंतर तो कसा चालत घरी आला, ते."

"मला दाखव."

"आचार्य, हे काय आता!"

"मी इतिहास लिहितो. मुखवट्यांबद्दल लिहायचंय. दाखव."

काएसोला थोडं हसू आलं. त्याने काळं वस्त्र सावरलं, दारापाशी गेला आणि तिथून खिडकीकडे चालू लागला.

डावा पाय जरा ओढत. चार पावलं टाकली की थांबायचं, तळहात मांडीवर दाबायचा, आणि मान किंचित मागे वळवायची, मागून कुणी हाक मारली असावी तशी. मग पुन्हा चालायचं.

खिडकीपाशी येऊन तो वळला.

"असा," तो म्हणाला.

"पुन्हा एकदा."

काएसो पुन्हा दाराकडे निघाला. डावा पाय ओढत. चार पावलं. तळहात मांडीवर. मान मागे.

आणि तो तिथेच थांबला.

हात मांडीवरच राहिला. मान वळलेलीच राहिली. खोलीच्या मधोमध तो तसा उभा होता आणि आचार्य अंजिरांच्या ताटाकडे पाहत होते.

ही चाल त्याने उतारावर वर्षातून एकदा पाहिली होती. आणि घरी रोज पाहिली होती. चौकातून चढ चढून घरी येताना. दिवाणखान्यातून जेवणघरात जाताना. पाहुण्यांना दारापर्यंत पोचवताना. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे कोण पाहतो?

"बाबा," तो म्हणाला.

पुरुषाचं वस्त्र नेसल्यापासून हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता.



"घोड्यावरून पडलो होतो, असं सांगायचे ते," काएसो म्हणाला. तो कुणाशी बोलत होता, कोण जाणे. "तुझ्या जन्माआधी पडलो, म्हणायचे. आचार्य… बाबा चेरीला हात लावत नसत. आई त्यांच्या ताटातून वेचून काढायची. मी त्या दिवशी एक चेरी उचलून त्यांच्या तोंडासमोर धरली होती. सगळ्यांच्या देखत. म्हटलं, 'ही पाहा, तुमच्या मूळपुरुषाची चेरी.'"

…

"माझ्या जन्माआधी ती यादवी चालली होती ना? रोमन लोक रोमनांना मारत होते तेव्हा?"

"ती संपता संपता मी इथे उतरलो," आचार्य म्हणाले. "बंदरावर कुणी कुणाला नाव विचारत नव्हतं. नाव सांगितलं की कुठल्या बाजूचा ते कळायचं. मी परका होतो म्हणून सगळे माझ्याशीच बोलायचे."

"म्हणजे वेईचे लोक नव्हतेच ते."

आचार्यांनी ताटातलं एक देठ उचलून बाजूला ठेवलं.

"आपलीच भाषा बोलत होते. म्हणून बोलणं कळलं."

काएसोने मांडीवरचा हात काढला. 

"बाबांचे एक थोरले भाऊ होते," काएसो म्हणाला. आवाज इतका खाली गेला की आचार्यांना पुढे वाकावं लागलं. "मी त्यांना पाहिलं नाही. समुद्रापार गेले, असं सांगायचे. परत आले नाहीत. त्यांचा मुखवटा आमच्या कपाटात नाही. मी एकदा विचारलं, काकांचा मुखवटा का नाही? बाबा म्हणाले, तो अजून जिवंत असेल, जिवंत माणसाचा ठेवत नाहीत. बाबा… बाबा घरात…"

पुढचा, त्या हाकेतला शब्द त्याला उच्चारता आला नाही. घरात बाबा कितवे होते, ते त्याला ठाऊक होतं.

तो खाली जमिनीवर बसला. एवढा मोठा सरदाराचा मुलगा, आचार्यांच्या खोलीतल्या धुळीत. आणि रडला. काल देहाजवळ रीतीप्रमाणे रडला होता, ते वेगळं. हे रडणं लहान पोराचं होतं. नाक पुसायचंही भान नव्हतं.

आचार्य उठले नाहीत. त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, असं त्यांना फार वाटलं. पण काही वेळा माणसाला हात लावला की त्याचं रडणं अर्ध्यावर थांबतं.

खाली संध्याकाळची वर्दळ सुरू झाली. समोरच्या घरातल्या बाईने चादर ओढून घेतली आणि खिडकी लावली.

"आणि मी चुका शोधत बसलो," काएसो अखेर म्हणाला.

"चांगल्या शोधल्यास. एकही चुकली नाही."

"एवढी सगळी वर्षं, आचार्य. मला खांद्यावर घेऊन तिथे जायचे. पाण्यात पडायचे. आणि मी हसायचो."

"तू हसत होतास म्हणून ते पुन्हा पुन्हा जाऊ शकले असतील. तिथे एकट्याने जाणं अवघड असतं."

"शेवटी एकटेच गेले."

  आचार्यांनी अंजिराचं ताट उचललं आणि काएसोसमोर जमिनीवर ठेवलं. काएसोने एक अंजीर घेतलं, हातात धरलं, खाल्लं नाही.

"तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"नाही. ते रडण्याचं बोलले तेव्हा मनात खुट्ट झालं. पण चेरीचं मला आज कळलं, तुझ्याकडून. आणि ती हाकही."

काएसो उठला. धूळ झटकली. तोंड धुवायला आचार्यांनी त्याला कोपऱ्यातल्या माठातलं पाणी दिलं. त्याने तोंड धुतलं, वस्त्र नीट केलं, आणि दारात उभा राहिला. आता तो मघाचा काएसो दिसत नव्हता. म्हातारा दिसत होता थोडा.

"सगळं खरं खरं सांगू का उद्या? चौथऱ्यावरून?"

"तुझ्या वडिलांनी कुणाला सांगितलं?"

"कुणालाच नाही."

काएसोने मान हलवली. विचार केला. उद्याचा चौक त्याच्या डोळ्यांसमोर आला असावा, ती सगळी माणसं, त्या खुर्च्या, आणि त्यांवर बसलेले मेणाचे चेहरे.

"मग नाही सांगणार," तो म्हणाला. "ते त्यांचं आहे. पण मूळपुरुषाला गाळणारही नाही. त्याने उतार अडवला, शत्रूला हरवलं, हे मात्र सांगायचं नाही. एवढंच सांगेन की सावेनियसांच्या घरात एक माणूस होऊन गेला. लढाई संपल्यावर सगळे परतले तेव्हा तो पाण्यात बसून राहिला, आणि ज्याला त्याने मारलं त्याच्यासाठी रडला. बाबांना हवं होतं तसं."

"सांग."

"लोक हसतील कदाचित. रोममध्ये असा पूर्वज कुणी मिरवत नाही."

"हसू देत."

"नटाला मी स्वतः चालून दाखवतो आता. जाऊन लगेच."

"दाखव."

काएसो जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला आणि पुन्हा वर आला. जुनी सवय अशी एका दिवसात जात नाही. कथा सांगायची तर पुरावा हवा, हे त्याच्या रक्तात भिनलं होतं, आणि ते भिनवणारे समोरच बसले होते.

"आचार्य, गर्दीतून कुणी उठून विचारलं, की काय रे, तुमचा हा मूळपुरुष खरंच होता का? पुरोहितांच्या नोंदींत नाही, तुझ्या त्या ग्रीक आचार्याच्या ग्रंथातही नाही… तर काय सांगू?"

आचार्यांनी दिव्याची वात वर सारली.

"होता म्हणून सांग," ते म्हणाले. "म्हणावं, आचार्यच त्याला फार मागच्या काळात शोधत होते."